उच्चार अल्बिन, स्पेलिंग 43 अक्षरांचं: स्वीडनमधल्या एका नावाचं प्रकरण

स्वीडनमधलं हे प्रकरण बऱ्याच जणांनी 'जगातली विचित्र नावं' छाप कुठल्यातरी यादीत वाचलेलं असतं. दोन ओळींत उरकतात, आईबापांनी मुलाचं नाव 43 अक्षरांचं ठेवलं म्हणून कोर्टाने दंड ठोकला, हसा आणि पुढे चला. पण हा क्रमच उलटा आहे. दंड आधी झाला आणि नाव नंतर आलं. आणि दंड विचित्र नावासाठी नव्हताच मुळी, नाव न दिल्याबद्दल होता. एवढं सरळ केलं की बाकीचं सगळं वेगळं दिसायला लागतं, म्हणून जरा पाल्हाळ लावतोय.

आधी घडलं काय ते.

मुलगा 1991 सालचा. स्वीडनमध्ये तेव्हा 1982 चा नावांचा कायदा लागू होता आणि त्यात स्पष्ट होतं की मूल जन्मल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं नाव कळवायचं. कळवायचं कुणाला, तर कर खात्याला. हे पहिल्यांदा वाचलं की माणूस चमकतोच, बाळाच्या नावाशी करवाल्यांचा काय संबंध, पण तिकडे कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कुठे राहतं ही सगळी नोंदवही पूर्वी चर्चकडे असायची आणि 1 जुलै 1991 पासून ती कर खात्याकडे आली. नाव म्हणजे त्या वहीतला एक रकाना. आणि या घरचा रकाना रिकामा. तीन महिने गेले, वर्ष गेलं, मुलगा पाच वर्षांचा होत आला तरी नाव कळवलेलंच नाही. शेवटी दक्षिण स्वीडनमधल्या हाल्मस्टाडच्या कोर्टाने आईबापांना 5,000 क्रोनरचा दंड केला.

आता खरी गोष्ट सुरू होते. दंड बसल्यावर, मे 1996 मध्ये, आईबापांनी नाव कळवलं. ते नाव असं: बी, आर, एफ, दोन एक्स, दोन सी, परत दोन एक्स, एम, एन, पी, मग चार सी, तीन एल, दोन एम, एन, पी, आर, एक्स, व्ही, सी, एल, एम, एन, सी, के, दोन एस, क्यू, एल, दोन बी, आणि शेवटी आकडे, 11116. मोजून बघा, 38 अक्षरं आणि 5 आकडे. एकही स्वर नाही. आणि खाली खुलासा, उच्चार 'अल्बिन'.

अल्बिन हे स्वीडनमध्ये अगदी रुळलेलं नाव आहे, कुणी वळूनही बघणार नाही. म्हणजे कानाला ऐकू येणारं नाव एकदम साधं आणि कागदावरचं असं की टाइप करणाऱ्याची बोटं वळावीत. बरं, 'अल्बिन' रोमनमध्ये लिहायला लागणाऱ्या पाच अक्षरांपैकी एल, बी आणि एन त्या ढिगाऱ्यात सापडतात, पण ए आणि आय कुठेच नाहीत. त्यामुळे हे कुठल्यातरी गुप्त पद्धतीने लिहिलेलं 'अल्बिन' आहे असं म्हणायलाही वाव नाही.

आईबापांचं म्हणणं होतं की ही एक अर्थगर्भ, अभिव्यक्तिवादी घडण आहे आणि आम्ही तिच्याकडे कलाकृती म्हणून बघतो. आणि हे 'पॅटाफिजिक्स'च्या अंगाने समजून घ्यावं. पॅटाफिजिक्स म्हणजे आल्फ्रेड जारी नावाच्या फ्रेंच लेखकाने काढलेलं थट्टेचं शास्त्र, ज्यात काल्पनिक प्रश्नांची नाही तर काल्पनिक उत्तरांची विद्या आहे. म्हणजे कोर्टाने विचारलं नाव काय, यांनी दिलं काल्पनिक उत्तर. कोर्टाला काही ते पटलं नाही. नाव नामंजूर, दंड कायम.

मग यांनी दुसरा अर्ज केला, ज्याबद्दल यादीवाले सहसा बोलत नाहीत, आणि मला तर तोच जास्त इंटरेस्टिंग वाटतो. या वेळी नाव फक्त 'ए'. एकच अक्षर. उच्चार? अल्बिनच. तेही नामंजूर, कारण एका अक्षराचं नाव तेव्हा चालत नव्हतं.

कायद्याची कसोटी

1982 च्या कायद्यात पहिल्या नावाबद्दलची अट तीन तुकड्यांत होती. नाव दुसऱ्यांना अपमानास्पद वाटेल असं नको, ज्याला ते वागवायचंय त्याला त्रास होईल असं नको, आणि कुठल्याही उघड कारणाने पहिलं नाव म्हणून अयोग्य असेल तर नको. हा तिसरा तुकडा म्हणजे सगळं आत जाईल अशी पिशवी आहे, अधिकाऱ्याच्या मनावर बरंच सोडलेलं. याच कायद्याखाली 2005 च्या सुमाराला 'गूगल' हे मधलं नाव म्हणून चाललं आणि 2007 मध्ये 'मेटॅलिका' कर खात्याने अडवलं, ते भांडून मिळवावं लागलं. म्हणजे कंपनी चालते आणि बँड अडतो. यात तर्क शोधायला जाऊ नका.

आता हे 43 अक्षरी नाव या तीन तुकड्यांवर घासून बघू.

अपमान? कुणाचाच नाही. चार सी आणि तीन एल ऐकून भावना दुखावल्या असं कोण म्हणेल.

त्रास? इथे आईबापांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. त्यांचा मुद्दा ताणून बघितला तर शाळेत सगळे त्याला अल्बिनच म्हणणार, मित्र अल्बिनच म्हणणार, चिडवायला कुणाला काही मिळणारच नाही कारण चिडवायलासुद्धा आधी उच्चारता यावं लागतं. त्रास होणार तो फक्त कागदावर.

पण 'फक्त कागदावर' हेच तर सगळं आहे ना. पासपोर्टचंच उदाहरण घ्या. पासपोर्टच्या फोटोच्या पानाखाली त्या दोन ओळी असतात बघा, मशीनने वाचायच्या, बाणासारखी चिन्हं भरलेल्या. त्यांचा आंतरराष्ट्रीय नियम ठरलेला आहे, एका ओळीत 44 जागा, त्यातल्या पहिल्या पाच कागदाचा प्रकार आणि देश यात जातात, नावाला उरतात 39. आडनाव आणि नाव दोन्ही त्यातच बसवायचं. 43 अक्षरांचं नाव आडनाव न धरताच बाहेर सांडतं. वर तिथे नावात आकडे चालतच नाहीत, फक्त ए ते झेड. म्हणजे शेवटचं 11116 गेलंच. जे उरेल ते अर्धवट तोडलेलं नाव, आणि मग जन्माचा दाखला एक म्हणतो, पासपोर्ट दुसरं म्हणतो, आणि हा माणूस आयुष्यभर प्रत्येक खिडकीसमोर उभा राहून सांगतोय की दोन्ही मीच. हा त्रास काल्पनिक नाही. कुठल्याही देशात ज्याच्या दोन कागदांवर नाव एका अक्षराने वेगळं आहे त्याला विचारा.

तिसरा तुकडा, उघड अयोग्य. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. नाव सांगितल्यावर लिहिता आलं पाहिजे किंवा लिहिलेलं वाचून हाक मारता आली पाहिजे, दोन्हीपैकी एकतरी. इथे दोन्ही नाही.

त्यामुळे नामंजुरी बरोबरच होती असं माझं मत. पण दुसऱ्या अर्जाचं काय? 'ए' लिहायला सोपं, पासपोर्टात बसतं, आकडे नाहीत, अपमान नाही, फक्त उच्चार जुळत नाही. तिथे कोर्टाने अक्षर एकच आहे एवढंच धरलं. मला हे थोडं पळवाट काढल्यासारखं वाटतं, कारण खरी अडचण लांबीची नव्हतीच, ना 43 मध्ये ना एकामध्ये. अडचण ही की लिहिलेलं आणि बोललेलं यांचा संबंधच आईबापांनी तोडून टाकला होता आणि म्हणत होते की तो संबंध काय असावा हे आम्ही ठरवणार. पहिल्या नावात ते अक्षरांच्या ढिगाऱ्याखाली झाकलेलं होतं, दुसऱ्यात अगदी उघडं पडलं. दोन्ही अर्ज शेजारी ठेवले तर एकच प्रश्न उरतो, मुलाचं नाव ठरवायचा हक्क आईबापांना आहे हे मान्य, पण अक्षराचा उच्चार काय हे ठरवायचा हक्क त्यांना आहे का?

माझं उत्तर नाही असं आहे. अक्षरं सगळ्यांची असतात.

नाव वेगळं आणि स्पेलिंग वेगळं, या दोन भानगडी वेगळ्या आहेत

विचित्र नावांवर वाद होतात तेव्हा लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात. एक बाजू म्हणते आमचं मूल आमची मर्जी, दुसरी म्हणते बिचाऱ्या लेकराचा विचार करा, आणि दोघंही कुठल्या प्रकारच्या विचित्रपणाबद्दल बोलतायत हे बघतच नाहीत.

न ऐकलेलं नाव असेल तर काय होतं? माणूस विचारतो, काय म्हणालात, परत सांगा. तुम्ही सांगता. त्याच्या डोक्यात आधी काही नसतं त्यामुळे तो नीट ऐकून घेतो, नीट लिहून घेतो, आणि वेगळं असल्यामुळे लक्षातही ठेवतो. एकदा सांगितलं, काम झालं. म्हणून अनोख्या नावांबद्दल मी तरी भलताच उदार आहे, ठेवा हवं ते, पाच वर्षांत कानाला सवय होते.

नेहमीचं नाव आणि अनोखं स्पेलिंग असेल तर गोष्ट उलटी. ऐकणाऱ्याला वाटतं मला माहितीय, तो विचारतच नाही, स्वतःच्या मनाने लिहून मोकळा होतो, आणि चूक सापडते ती महिनाभराने कुठलातरी फॉर्म परत आल्यावर. म्हणजे अनोखं नाव एकदा समजावून सांगावं लागतं, अनोखं स्पेलिंग जन्मभर दुरुस्त करत बसावं लागतं, आणि दुरुस्त करणारा तो मुलगा असतो, हौस भागवून घेतलेले आईबाप नाही. मराठी वाचणाऱ्यांना हे फार समजावायला नको, देवनागरीत 'अद्वैत' एकाच प्रकारे लिहितात आणि रोमनमध्ये आलं की व्ही का डब्ल्यू, पुढे एआय का नुसता ए, सुरू.

अमेरिकेत तर हे आकड्यांतच दिसतं. तिथलं सोशल सिक्युरिटी खातं 1880 पासूनच्या नावांचे आकडे जाहीर करतं आणि प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र नाव म्हणून मोजतं. त्यामुळे 'एडन' हा एकच आवाज तिथे आयने, वायने, ईने, कधी ए पुढे मागे करून, अशा कितीतरी वेगवेगळ्या ओळींत सांडलेला आहे. आईबापांना वाटतं आपण वायने लिहिलं म्हणजे आपलं पोर वेगळं. वर्गात हाक मारली की तिघं वळून बघतात, वाय कुणाला ऐकू येतो? वेगळेपणा पाहिजे होता तो मिळालाच नाही, फक्त दुरुस्तीचं काम मिळालं.

स्वीडनच्या त्या 43 अक्षरांत हेच टोकाला नेलेलं आहे. ऐकायला साधा अल्बिन आणि लिहायला डोंगर. वायने लिहिलेला एडन या रस्त्यावरचं पहिलं घर असेल तर हे शेवटचं.

आता उलट बाजूचं प्रकरण बघू, म्हणजे फरक कळेल. न्यूझीलंडमध्ये 2008 साली फॅमिली कोर्टापुढे नऊ वर्षांची एक मुलगी आली होती जिचं नाव म्हणजे चक्क वाक्य होतं, 'तलुला हवाईची, हुला नाच करते' अशा अर्थाचं. स्पेलिंगमध्ये काहीही खोट नाही, प्रत्येक शब्द शब्दकोशात सापडेल असा, कुणीही वाचेल, कुणीही लिहील. तरी त्या पोरीने मैत्रिणींना आपलं नाव कधी सांगितलंच नव्हतं, ती नुसतं 'के' म्हणायला लावायची. न्यायाधीशांनी तिला तात्पुरतं कोर्टाच्या पालकत्वाखाली घेतलं ते फक्त नाव बदलता यावं म्हणून. तिथे अर्थाने मारलं. स्वीडनमध्ये अर्थाचा प्रश्नच नव्हता कारण अर्थच नव्हता.

दोन्ही एकत्र आलेलं प्रकरण म्हणजे 2020 मधलं, इलॉन मस्क आणि गायिका ग्राइम्स यांच्या मुलाचं. एक्स, मग ए आणि ई चिकटलेलं ते जुनं अक्षर, मग ए-12. कॅलिफोर्नियात नावात इंग्रजीची 26 अक्षरंच चालतात, म्हणून 12 चे रोमन आकडे झाले, एक्स आय आय. त्यातही मौज म्हणजे उच्चार विचारला तर बाप म्हणाला मधलं अक्षर 'अ‍ॅश' म्हणायचं आणि आई म्हणाली 'ए आय' म्हणायचं. ज्यांनी नाव ठेवलं त्यांचंच एकमत नाही! निदान स्वीडनच्या जोडप्यात तेवढं एकमत होतं, दोघांच्याही तोंडी अल्बिन.

आणि मग फ्रान्सचं एक प्रकरण आहे जिथे माझी सगळी सहानुभूती आईबापांकडे जाते. 2017 मध्ये तिथे एका बाळाचं नाव 'फान्श' ठेवायचं होतं, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटन भाषेतलं जुनं नाव, आणि ते लिहिताना एन या अक्षरावर एक नागमोडी रेघ येते. क्यांपेरच्या कोर्टाने सांगितलं की ही रेघ फ्रेंचमध्ये मान्य असलेल्या चिन्हांच्या यादीत नाही, सबब चालणार नाही. आईबाप वर गेले आणि 2018 मध्ये रेनच्या अपील कोर्टाने रेघ मंजूर केली. इथे आईबापांनी अक्षराला मनाचा उच्चार दिला नव्हता, ब्रेटन लोक ते तसंच लिहितात आणि तसंच वाचतात. स्पेलिंग सरकारी यादीबाहेरचं होतं पण आवाजाशी इमानदार होतं. एका रेघेसाठी दीड वर्ष कोर्टात हिंडायला लावणं हा खुळेपणा सरकारचा.

म्हणून 'विचित्र स्पेलिंग नको' असा सरसकट नियम करायलाही मी तयार नाही. विचित्र कुणाला, हे आधी विचारावं लागतं. यादीबाहेरचं अक्षर ही एक गोष्ट, आणि कुणालाच वाचता येणार नाही असं अक्षर ही दुसरी.

परत हाल्मस्टाडकडे

मग आईबापांचं चुकलं का? नावापुरतं, हो. पण त्यांना वेडं ठरवणारी माणसं हे विसरतात की ते नाव मुलासाठी नव्हतंच, दंडाला दिलेलं उत्तर होतं. पाच वर्षं ज्या मुलाचं सरकारदरबारी नाव नव्हतं तो मुलगा घरात बिननावाचा हिंडत नव्हता. सरकारने कळवा म्हटलं, यांनी नाही म्हटलं, सरकारने पैसे मागितले, यांनी कलाकृती दिली. भांडण मोठ्या माणसांचं. निषेध म्हणून बघितलं तर मस्त जमलेला आहे, जगभर गाजला, अजून गाजतोय.

मला खटकतं ते एवढंच की निषेधाचा फलक म्हणून वापरायला मुलाच्या नावाचा रकाना निवडला. पत्र लिहिता आलं असतं, दंड न भरता पुढे भांडता आलं असतं. आणि कोर्टाने चुकून हो म्हटलं असतं तर? निषेध करणारे दोघं जिंकून घरी गेले असते आणि 11116 पोराच्या गळ्यात. असा विनोद तेव्हाच करता येतो जेव्हा समोरचा नाही म्हणणार याची खात्री असते, आणि कर खात्यावर एवढा भरवसा ठेवणारे हे लोक त्याच खात्याशी भांडत होते हे मला जाम आवडतं.

सरकारची बाजूही काही धुतल्या तांदळाची नाही. मुलाच्या नावाचा रकाना रिकामा आहे म्हणून पालकांना पैशाची शिक्षा करून नेमकं काय साधलं? कायद्याचा हेतू मुलाचं भलं हा असेल तर दंडाने मुलाला नाव मिळत नाही, घरातले पैसे तेवढे कमी होतात. न्यूझीलंडच्या न्यायाधीशांनी निदान मुलीला मधे ठेवलं, तिला काय सोसावं लागतंय ते विचारात घेतलं. हाल्मस्टाडच्या सगळ्या कागदपत्री लढाईत बोलणारे दोनच, आईबाप आणि सरकार. पाच वर्षांचं पोर 'तुझं नाव काय' या प्रश्नाला बरोबर उत्तर देतं, त्याला विचारलं असतं तर पाच अक्षरांत निकाल लागला असता.

1982 चा कायदा आता गेला, 1 जुलै 2017 पासून नवीन आला आणि आडनावांच्या बाबतीत त्याने बरीच मोकळीक दिली. पहिल्या नावाची कसोटी मात्र जवळपास तीच ठेवलीय, अपमान नको, त्रास नको, अयोग्य नको. तीन महिन्यांची मुदतही तीच. त्यामुळे आज कुणी तेच 38 अक्षरं आणि 5 आकडे घेऊन गेलं तरी परतच पाठवतील, फक्त आता खिडकीवरच्या माणसाला ते आधीपासून माहीत असण्याची शक्यता बरीच.